हत्ती बघून आलेली माणसं

आमचे नाना मिल्ट्रीत होते. एकाहत्तरला पश्चिम सीमेवर होते. लहानपणी आम्ही भावंडं त्यांच्या मागे लागायचो, नाना लढाईचं सांगा ना, आणि नाना दरवेळी चहाचं सांगायचे. रात्री विस्तव करायला बंदी, त्यामुळे उजाडल्यावर कसाबसा उकळलेला चहा, त्यात डब्यातलं घट्ट दूध, सोबत रेशनचे शकरपारे, ते इतके कडक की चहात बुडवून ठेवल्याशिवाय दात लागायचा नाही. आणि त्यांचा एक बेळगावकडचा जोडीदार होता, तो स्वतःच्या वाटणीची साखर कागदाच्या पुडीत बांधून साठवून ठेवायचा आणि चार दिवसांनी एकदम गोड चहा करून सगळ्यांना पाजायचा. बस्स, एवढंच. एवढं सांगून नाना उठायचे आणि गोठ्यात जायचे. शेजारच्या गावचे एक सुभेदार होते, ते गणपतीत मांडवात बसून तोफगोळ्यांच्या गोष्टी अशा रंगवून सांगायचे की अंगावर काटा यायचा, आणि आमच्या घरात मात्र चहा आणि साखरेची पुडी. मला त्या वयात याचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. नानांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

मागचा हिवाळा मी मुलीकडे होतो, अमेरिकेत, व्हर्जिनियात. एका रविवारी जावई म्हणाले बाबा तुम्हाला इतिहासाची आवड आहे तर चला, आणि आम्ही फ्रेडरिक्सबर्गला गेलो. रॅपहॅनॉक नदीच्या काठावरचं छोटं, जुन्या विटांच्या घरांचं गाव आहे. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं अमेरिकेत यादवी चालली, गुलामगिरी टिकवायची म्हणून देशातून फुटून निघालेली दक्षिणेची अकरा राज्यं एकीकडे आणि उत्तरेचं सरकार दुसरीकडे. उत्तरेची राजधानी वॉशिंग्टन, दक्षिणेची रिचमंड, आणि हे गाव बरोबर दोघांच्या मधल्या वाटेवर. म्हणजे जात्यात सापडल्यासारखंच.

गावाच्या मागे मेरीज हाइट्स म्हणून टेकडी आहे, तिच्यावर उत्तरेच्या शिपायांची दफनभूमी. मला वाटलं होतं नावं कोरलेल्या पाट्या असतील. काही आहेत तशा. पण जास्त करून आहेत ते गवतातून जेमतेम वर आलेले, वीतभर लांबीरुंदीचे चौकोनी दगड. प्रत्येकावर दोन आकडे, एक वर एक खाली. मी आधी समजलो वर्षं असतील. तिथल्या रेंजर बाईंनी सांगितलं की वरचा आकडा म्हणजे जागेचा नंबर, आणि खालचा आकडा म्हणजे या दगडाखाली माणसं किती आहेत ते. मी उभा होतो त्या दगडावर खाली ५ होता. शेजारी ३. त्याच्या पलीकडे ६. त्या टेकडीवर १५,००० हून जास्त शिपाई पुरलेत, फ्रेडरिक्सबर्गच्या आणि आजूबाजूच्या आणखी लढायांतले, आणि त्यातल्या ३,००० जणांचीसुद्धा नावं माहीत नाहीत. बाकी सगळे नुसते आकडे.

नातू माझं बोट धरून दगडांवरचे खालचे आकडे बेरीज करत चालला होता, त्याला नुकती बेरीज यायला लागली होती. मी त्याला थांबवलं नाही.

त्यानंतर उरलेला हिवाळा मी मुलीच्या गावातल्या लायब्ररीत काढला. बाहेर बर्फ, कुठे जाता येत नाही, आणि तिथे या शिपायांच्या पत्रांची, डायऱ्यांची कपाटंच्या कपाटं भरलेली. माझं इंग्रजी शाळामास्तराचं, हळूहळू वाचायचं. आणि दोन-तीन आठवड्यांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ही पोरं सगळी नानांसारखं लिहितात. लढाईबद्दल दोन ओळी, की आम्ही काल मोठ्या लढाईत होतो, मी ठीक आहे, अमुक गेला, आणि मग पान-पानभर कॉफीबद्दल, बिस्किटांबद्दल, पायमोज्यांबद्दल. पहिल्यांदा गोळीबार अंगावर घेतला त्याला ते एक शब्द वापरायचे, ‘हत्ती बघितला’. अमक्याच्या रेजिमेंटने अजून हत्ती बघितलेला नाही. मी काल हत्ती बघितला आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. त्यांच्याकडे त्या काळात हत्ती यायचा तो सर्कशीबरोबर, खेड्यातला माणूस मैलोनमैल चालत जायचा तो बघायला, त्यावरून आलेली म्हण. आपल्याकडे हत्ती म्हटलं की गणपती आठवतो, हात जोडले जातात, आणि त्या पोरांच्या तोंडी त्याच जनावराचं नाव या गोष्टीला. माझ्या डोक्यात ते काही केल्या बसेना. पण हेही होतं की हत्ती बघितला म्हणायचे आणि तिथेच थांबायचे. हत्ती कसा होता ते कुणी सांगत नव्हतं.

कॉफीचं मात्र सांगायचे. उत्तरेच्या शिपायाला रेशनमधे कॉफीचे दाणे आणि साखर मिळायची. वाटप कसं व्हायचं ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. जमिनीवर घोंगडी अंथरायची, तिच्यावर जितकी माणसं तितके कॉफीचे ढीग करायचे, होता होईल तेवढे सारखे, तेवढेच साखरेचे. मग एकाने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने एका ढिगावर बोट ठेवून विचारायचं हा कुणाचा, आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. म्हणजे कुणाला कमी-जास्त झालं तरी कुणावर आळ नको. उद्या ज्यांच्यासोबत मरायचंय त्यांच्याशी चमचाभर साखरेवरून वाकडं येऊ नये म्हणून एवढी काळजी. मग प्रत्येकाने आपली कॉफी आणि साखर एकत्र करून एका फडक्याच्या पिशवीत बांधायची आणि जिवापाड जपायची. दाणे दळायला काही नसायचं, बादलीत घालून संगिनीच्या किंवा बंदुकीच्या दस्त्याने कुटायचे. रात्री मुक्काम पडला की हजारो छोटे विस्तव आणि प्रत्येकावर काळवंडलेला टिनचा डबा.

खायला बिस्कीट, हार्डटॅक. नुसतं पीठ आणि पाणी, मीठ असलं तर असलं, तळहातात मावेल एवढं चौकोनी, अर्धा इंच जाड. दिवसाला नऊ-दहा मिळायची. ती कारखान्यातून निघून पेटाऱ्यांत महिनोन्महिने पडून यायची, त्यात किडे व्हायचे, म्हणून ती गरम कॉफीत टाकायची, किडे वर तरंगले की चमच्याने काढून टाकायचे आणि कॉफी प्यायची. शिपायांनी त्याला नाव ठेवलं होतं किड्यांचा किल्ला. कुणी ते फोडून भिजवून डुकराच्या चरबीत तळायचे. आमच्याकडे शिळी भाकरी कुस्करून फोडणीत परततात तसंच की, मला तरी तसंच वाटलं, अडचणीतली जीभ सगळीकडे सारखीच चालते.

दक्षिणेच्या शिपायाला तेही नाही. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखून धरली होती त्यामुळे कॉफी आत येत नव्हती, मग भाजलेली रताळी, मका, चिकोरी, ओकच्या झाडाची फळं, काय मिळेल ते उकळून कॉफी म्हणून प्यायचे. त्यांच्याकडे तंबाखू मात्र भरपूर. आणि फ्रेडरिक्सबर्गच्या त्या नदीवर, एका काठाला उत्तरेचा पहारा दुसऱ्या काठाला दक्षिणेचा, लढाई होऊन गेल्यावरच्या त्या हिवाळ्यात शिपायांनी लाकडाच्या फळीच्या, सालीच्या एवढ्याएवढ्या होड्या केल्या, त्यांना कागदाचं नाहीतर कापडाचं शीड लावलं, आणि वारा बघून सोडायचे. इकडून कॉफी आणि वर्तमानपत्र, तिकडून तंबाखू. अधिकाऱ्यांनी बंदी घातली तरी चालूच. काही आठवड्यांपूर्वी एकमेकांना मारलेलं, पुढे परत मारायचं आहेच, मधे हा व्यवहार. आणि त्यात फसवाफसवी फारशी नसायची.

ज्या नाकेबंदीने कॉफी अडवली तिनेच दक्षिणेचा कापूस पण अडवला, तो बाहेर जाईना, इंग्लंडच्या गिरण्या बंद पडायला लागल्या, आणि त्यांना आठवला आपला कापूस. वऱ्हाड, खानदेश, गुजरात सगळीकडचा कापूस मुंबईला, भाव कुठल्या कुठे, मुंबईत पैशाचा पाऊस, प्रेमचंद रायचंद आणि शेअरचं वेड, समुद्र बुजवायच्या कंपन्या. १८६५ च्या एप्रिलमधे दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि काही महिन्यांत मुंबईचा सगळा फुगा फुटला. गावाकडे सावकारांनी त्या तेजीत सढळ हाताने दिलेली कर्जं मागे राहिली, भाव पडले, सारा वाढला, आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले त्याच्या मुळात हेही एक कारण होतं. शाळेत मी दख्खनचे दंगे पंधरा वर्षं शिकवले. पण त्या कापसाच्या पलीकडच्या टोकाला रताळ्याची कॉफी पिणारा एक अनवाणी पोरगा बसलाय, हे मला कधी दिसलं नव्हतं.

आता तंबूचं सांगतो, कारण ते माझ्या मनातून जातच नाही. शिपायाला अख्खा तंबू मिळायचा नाही. मिळायचं ते अर्धं कापड, कडेला बटणं आणि काजी असलेलं. दोघांनी आपापली अर्धी कापडं बटणांनी जोडायची, दोन टोकांना दोन काठ्या, नाहीतर संगीन लावलेल्या बंदुकाच उलट्या रोवायच्या, की झाला तंबू. दोन्ही बाजू उघड्या. कुत्र्याचा तंबू म्हणायचे त्याला, कारण त्यात रांगतच शिरावं लागायचं. तर प्रत्येकाला जोडीदार लागायचाच. त्याचं अर्धं आणि माझं अर्धं. झोपायचं पाठीला पाठ लावून, दोघांच्या घोंगड्या एकावर एक घेऊन, एक कूस बदलायला लागला की दुसऱ्यानेही बदलायची. पत्रांमधे जोडीदाराचं नाव सारखं येतं, आईला लिहिलेल्या पत्रातसुद्धा, की त्याच्या घरून जॅम आलाय, तो घोरतो, तो माझ्यापेक्षा चांगला विस्तव करतो. आणि मग एखाद्या पत्रापासून ते नाव येत नाही.

जोडीदार गेला की माणसाकडे अर्धा तंबू उरायचा.

छावणीतला दिवस म्हणजे कवायत. पेन्सिल्व्हेनियाच्या एका शिपायाने घरी लिहिलंय की सकाळी उठल्यावर कवायत, मग कवायत, मग पुन्हा कवायत, आणि दोन कवायतींच्या मधे आम्ही कवायत करतो. मधल्या वेळात पत्ते, फासे, बेसबॉल, शर्ट काढून शिवणीतल्या उवा मारणं. उवा तर सगळ्यांनाच, जनरलपासून शिपायापर्यंत. बर्फ पडलं की बर्फाच्या गोळ्यांची मारामारी, दक्षिणेच्या छावणीत त्या हिवाळ्यात हजारो जण रेजिमेंटच्या रेजिमेंट निशाणं घेऊन, अधिकारी पुढे ठेवून असे खेळले. त्यातले बरेचसे अठरा-वीस वर्षांचे. शेतावरून आलेले.

आणि शेतावरून आले हेच त्यांना नडलं. एकेकट्या वस्त्यांवर वाढलेली पोरं, लहानपणी गोवर झालेला नाही, ती एकदम हजारोंच्या गर्दीत आली आणि पहिल्याच महिन्यात गोवराने आडवी. मग टायफॉईड, न्यूमोनिया, आणि सगळ्यात वाईट जुलाब. संडासाचे चर खणायचे ते ओढ्याच्या जवळ, आणि तोच ओढा प्यायला. जंतूंनी रोग होतो हे तेव्हा तिथे कुणाला माहीत नव्हतं. या युद्धात मेलेल्यांचा जुना आकडा ६,२०,००० असा आहे, अलीकडे जनगणनेवरून काढलेला हिशोब ७,५०,००० च्या आसपास जातो, आणि मेलेल्या दर तिघांतले दोघं रोगाने मेलेत. गोळीने नाही. म्हणजे त्या टेकडीवर दगडाखाली जे आहेत त्यांच्यातले किती तरी हत्ती न बघताच गेले. फ्रेडरिक्सबर्गच्या समोरच्या काठावर उत्तरेची लाखभर माणसं तो हिवाळा राहिली, लाकडाच्या ओंडक्यांच्या खोपट्यांत, वर तंबूचंच कापड, चिखल आणि काटक्यांचं धुराडं नाहीतर सरळ एखादं फुटकं पिंप. मैलोनमैल झाड म्हणून शिल्लक ठेवलं नाही, सगळं जळणाला. जानेवारीत तर नुसता चिखल, आणि माणसं रोज मरत होती. नंतर हूकर नावाचा नवा सेनापती आला आणि त्याने आधी ताज्या पावाच्या भट्ट्या लावल्या, खोपटी साफ करायला लावली, रजा द्यायला सुरुवात केली, आणि पळून जाणाऱ्यांची संख्या कमी झाली. लढाईत हा हूकर पुढे हरला, पण मला तो माणूस आवडला. पाव दिला त्याने.

लढाईचं आता सांगायलाच हवं. मी ती बघितलेली नाही, जी माणसं तिथे होती त्यांनीच थोडं थोडं जे लिहून ठेवलंय तेवढंच सांगतो.

भरतीच्या वेळी डॉक्टर पुढचे दात बघायचा. कारण काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत दारू आणि शिशाची गोळी, ती दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी वर ठेवून गजाने ठासायची, घोडा मागे ओढून ठिणगीची टोपी बसवायची, मग नेम. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. दाताने फाडायचं म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? तेच. ती एनफिल्ड बंदूकच होती. १८५७ ला बराकपूरपासून मेरठपर्यंत ज्या बंदुकीच्या काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावलीय म्हणून आग लागली, तीच एनफिल्ड चार-पाच वर्षांनी जहाजं भरभरून अमेरिकेला गेली, दोन्ही बाजूंनी विकत घेतली, सगळ्या मिळून ९ लाखांच्या आसपास. दोन्ही बाजूंची पोरं तेच काडतूस दाताने फाडत होती, दारूने तोंड काळं, जीभ कोरडी पडलेली, कारण दारूतल्या सोऱ्याने भयंकर तहान लागते. आणि काळ्या दारूचा धूर इतका की दोन-चार बार झाले की समोरचं दिसतच नाही, माणसं खाली वाकून धुराच्या खालून पाय दिसतात का बघायची.

१८६३ च्या जुलैत गेटिसबर्गची लढाई झाली, तिच्यानंतर मैदानातून साधारण २७,५०० बंदुका गोळा केल्या. त्यातल्या २४,००० भरलेल्या होत्या, म्हणजे न झाडलेल्या. निम्म्यांत दोन-दोन बार ठासलेले, काही हजारांत तीनपासून दहापर्यंत. एका बंदुकीत तर एकावर एक २३. त्या एका बंदुकीपाशी मी फार वेळ थांबलो. २३ वेळा त्या पोराने काडतूस फाडलं, ओतलं, ठासलं, आणि एकदाही बार उडाला नाही. आवाजात त्याला कळलंच नसेल, हात नुसते शिकवल्यासारखे चालू राहिले असतील, का त्याला झाडायचीच नव्हती. कवायत, मग कवायत, मग पुन्हा कवायत. तो जगला का मेला ते त्या बंदुकीवर लिहिलेलं नाही.

फ्रेडरिक्सबर्गला १३ डिसेंबर १८६२. उत्तरेचा सेनापती बर्नसाइड नदीपाशी आधी पोचला होता, पण होड्यांचा पूल बांधायचं सामान वेळेवर आलं नाही, आठवडे वाया गेले, तोवर लीने समोरच्या टेकड्या अडवल्या. मेरीज हाइट्सच्या पायथ्याशी एक खोल गेलेला रस्ता आणि त्याच्या कडेने छातीएवढी दगडी भिंत, तिच्यामागे दक्षिणेचे शिपाई रांगा लावून, पुढच्याने झाडायची मागच्याने भरून द्यायची. समोर उघडं मैदान, मधे पाण्याचा एक चर. त्या मैदानातून दुपारपासून अंधार पडेपर्यंत एकामागून एक ब्रिगेड पाठवल्या. लढाईच्या वाटेवर कडेला पत्त्यांचे जोड पडलेले असायचे, कारण मेलो आणि खिशातलं सामान आईकडे गेलं तर त्यात पत्ते सापडायला नकोत. आयरिश ब्रिगेडने टोपीत हिरव्या झुडपाची डहाळी खोचली होती, नंतर त्या डहाळ्यांवरून आपली माणसं कुठली ते ओळखलं. भिंतीपर्यंत एकही जण पोचला नाही. उत्तरेचे त्या लढाईत १२,६०० च्या वर मेले, जखमी झाले नाहीतर हरवले, दक्षिणेचे त्याच्या निम्म्याहून कमी. भिंतीशेजारी एक छोटं पांढरं लाकडी घर अजून आहे, खिडकीतून डोकावलं की आतल्या फळ्यांच्या भिंतीत गोळ्यांची भोकं दिसतात, बोट जाईल एवढी. मी काचेला नाक लावून मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

रात्री थंडी पडली. जे मैदानात होते त्यांना मागे जाता येईना, डोकं वर काढलं की गोळी. मेन राज्यातला चेंबरलेन, आधी कॉलेजात प्रोफेसर होता, त्याने लिहून ठेवलंय की मी दोन मेलेल्या माणसांना जरा सरकवून त्यांच्या मधे आडवा झालो, तिसऱ्याच्या छातीवर डोकं ठेवलं, आणि त्याच्याच कोटाचा पदर तोंडावर ओढून घेतला, वारा लागू नये म्हणून. पदर हा माझा शब्द, पण तो वाचला तेव्हा दुसरा सुचला नाही. अंधारात दक्षिणेची माणसं भिंतीवरून येऊन मेलेल्यांचे कोट आणि बूट काढून नेत होती, त्यांच्याकडे थंडीचे कपडेच नव्हते. दुसऱ्या रात्री आकाशात उत्तर ध्रुवाकडचा तो रंगीत उजेड दिसला, इतक्या दक्षिणेला तो क्वचित दिसतो. भिंतीमागच्यांना वाटलं आपल्या विजयासाठी देवाने दिवे लावले. मैदानातल्यांना काय वाटलं असेल.

नदीच्या पलीकडे टेकाडावर चॅथम नावाची मोठी हवेली आहे, ती लढाईत हॉस्पिटल झाली. क्लारा बार्टन तिथे जखमींना बघत होती. आणि कवी वॉल्ट व्हिटमन तिथे आला तो आपला भाऊ जखमींच्या यादीत दिसला म्हणून शोधायला. भाऊ सापडला, गालाला थोडंच लागलं होतं. पण हवेलीच्या दारासमोर झाडाखाली त्याने कापलेल्या हातापायांचा ढीग बघितला, एक घोडागाडी भरेल एवढा. शिशाची ती मऊ गोळी हाडात शिरली की हाडाचा चुराच करायची, कापण्याशिवाय इलाज नसायचा, क्लोरोफॉर्म देऊन दहा-पंधरा मिनिटांत पाय काढायचे. व्हिटमन घरी परत गेलाच नाही, वॉशिंग्टनच्या हॉस्पिटलांत वर्षानुवर्षं जखमींच्या उशाशी बसून त्यांची पत्रं लिहून देत राहिला. कॅटाल्पाची ती जुनी झाडं हवेलीच्या अंगणात अजून आहेत, पोखरलेली, लोखंडी टेकू लावलेली. मी एकाला हात लावून आलो.

एक प्रश्न मला त्या सगळ्या महिन्यांत होता की ही पोरं कशासाठी लढत होती, आणि दोन्ही बाजूंबद्दल सारखंच वाईट वाटून घ्यायचं का. भिंतीमागच्या अनवाणी पोराचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं, पण त्याची बाजू बरोबर नव्हती हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच गावात एका चौकात माणसं लिलावात विकायचा दगड होता, २०२० ला तो उचलून म्युझियममधे नेला. त्याच नदीवरून १८६२ च्या एप्रिलमधे जॉन वॉशिंग्टन नावाचा गुलाम तरुण पलीकडे उत्तरेच्या सैन्याकडे गेला आणि सुटला, आणि त्या उन्हाळ्यात त्याच्या मागून दहा हजारांच्या आसपास माणसं तीच नदी ओलांडून गेली. युद्ध संपेपर्यंत पावणेदोन लाखांवर काळे शिपाई उत्तरेच्या फौजेत होते. त्यांना पगार १० डॉलर आणि त्यातून ३ डॉलर कपड्यांचे कापायचे, गोऱ्या शिपायाला १३. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या रेजिमेंटने सांगितलं पूर्ण द्या नाहीतर घेत नाही, आणि वर्षाहून जास्त काळ बिनपगारी लढले. त्यांच्यातला कॉर्पोरल जेम्स हेन्री गूडिंग, त्याने सप्टेंबर १८६३ ला सरळ लिंकनला पत्र लिहिलं, की मुख्य प्रश्न एवढाच आहे, आम्ही शिपाई आहोत की मजूर? पुढच्या जूनमधे समान पगाराचा कायदा झाला. गूडिंग तेव्हा जॉर्जियात अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या तळावर होता, जिथे उघड्या आभाळाखाली कोंडलेल्या ४५,००० पैकी जवळजवळ १३,००० मेले, आणि जुलैत तोही तिथेच वारला.

ज्योतीराव फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ लिहिलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांना सोडवायच्या कामात त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. ही अर्पणपत्रिका मी कित्येकदा वाचली होती, वर्गात वाचून दाखवली होती, पण ती मला नेहमी एखाद्या संस्थेला लिहिल्यासारखी वाटायची. आता वाटतं पुण्यात बसून जोतिबांनी ते ज्यांना लिहिलं त्यातले काही त्या टेकडीवर आहेत, ५ आणि ३ आणि ६.

उत्तरेचा नंतरचा सरसेनापती ग्रँट, त्याच्या स्टाफवरच्या होरेस पोर्टरने एक लिहून ठेवलंय, १८६४ च्या कोल्ड हार्बरच्या हल्ल्याच्या आदल्या रात्री शिपाई कोट काढून काहीतरी शिवत बसलेले त्याला दिसले, जवळ जाऊन बघितलं तर चिठ्ठीवर नाव आणि गाव लिहून कोटाच्या पाठीला टाचत होते. आकडा होऊ नये म्हणून.

मार्चमधे परत आलो. आई आता ८४ ची आहे, ऐकायला कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख आहे. एका संध्याकाळी तिच्या शेजारी बसलो आणि तिला विचारलं की नानांचा तो बेळगावकडचा जोडीदार, साखर साठवणारा, त्याचं पुढे काय झालं. आम्ही सगळी भावंडं ती गोष्ट शंभर वेळा ऐकलेली, एकानेही हे कधी विचारलेलं नव्हतं. आई थोडा वेळ काही बोलली नाही, मला वाटलं ऐकू आलं नसेल. मग म्हणाली, मला कधी सांगितलं नाही रे त्यांनी. दर दिवाळीला बेळगावकडे एक मनीऑर्डर जायची पण, बाईचं नाव असायचं.

किती वर्षं, मी विचारलं.

तुझं लग्न झालं त्या वर्षीपण गेली होती, म्हणाली.